गौरव्वांना खाली बसायचे होते

पडणे हे अकर्मक क्रियापद आहे, हे मी वडिलांच्या वर्गात शिकले. वडील मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांनी मला स्वतःच्याच शाळेत घातले होते. त्यामुळे व्याकरणाची चूक घरीही माफ नसे. 'मुलगा पडला' या वाक्यात मुलगा कर्ता. क्रिया त्याच्यापाशीच संपते, कर्म लागत नाही. इतका सोपा धडा. पुढे सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात माझी सगळी नोकरी झाली, आणि या धड्याविषयी मला शंका येऊ लागली.

साठी-सत्तरीची माणसे हाड मोडून माझ्यासमोर येत. कसे पडलात, असे विचारले की उत्तरे ठरलेली असत. पाय घसरला. फरशी ओली होती. उंबरा लागला. म्हणजे कर्ता पाय, कर्ता फरशी, कर्ता उंबरा. ज्याचे हाड मोडले तो माणूस स्वतःच्या वाक्यात कुठेच नसे. म्हणून मी प्रश्नच बदलला. पडण्याच्या आधी काय करत होतात, काय खाल्ले होते, कोणती गोळी घेतली होती, पायातली चप्पल पायातच होती का, असे विचारू लागले. शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसत. पण बराच काळ मधुमेह असलेल्या पुष्कळ माणसांच्या तळव्यांची जाणीव मंदावलेली असते. चप्पल वाटेत निघून जाते आणि ते एकाच चपलेने पुढे चालत राहतात. माझ्या दारात कोणी एक चप्पल घालून आले, की केसपेपर उघडण्याआधीच मला पुढचे अर्धे कळलेले असे.

आमचे काम बाहेरच्यांना नुसता व्यायाम वाटतो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हाड जोडतात, सळी घालतात, टाके काढतात. पण हाड जुळले म्हणजे माणूस चालतो असे नाही. मधे भीती उभी असते. ती ओलांडायला लावणे हे आमचे काम. रुग्णालयाच्या फाटकावरचे रिक्षावालेसुद्धा मला 'चालवणाऱ्या बाई' म्हणत, आणि खोटे कशाला सांगू, ही पदवी मला कॉलेजातल्या पदवीपेक्षा जास्त आवडे.

निवृत्त झाल्यावर मला खुर्चीची, टेबलाची आठवण आली नाही. आठवतो तो हातावरचा भार. माणूस पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याचे निम्मे ओझे आपल्या हातावर येते. हळूहळू ते हलके होत जाते, मग बोटे नुसती टेकलेली राहतात, आणि एके दिवशी तीही उचलली जातात. आयुष्यभर मी त्या उचललेल्या बोटांसाठी खपले. आता रिकाम्या दुपारी मला तो भार हवासा वाटतो.

मधुमेह आणि हाडे यांचा संबंध लोकांना चटकन पटत नाही. साखर रक्तात, हाड मांसाच्या आत. त्यांची गाठ पडणार कुठे? हा प्रश्न मला सर्वांत ठासून विचारला तो अंबादासमामांनी. ते शहराच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर, जन्म यंत्रमागावर गेलेला. मनगट मोडून आले होते आणि शर्टाच्या खिशात हाडांच्या घनतेच्या तपासणीचा कागद होता. घनता चांगली आली होती. तो कागद त्यांनी सगळ्या बाकाला दाखवला आणि मला म्हणाले, "हाडं पास झालीत बाई. पास झालेलं हाड मोडतं कसं, ते सांगा."

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना त्यांच्याच धंद्यातून उत्तर दिले. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्यात प्रथिनांच्या धाग्यांचे जाळे असते आणि त्या जाळ्यात चुना बसलेला असतो. जाळे लवचीक असले तर हाड धक्का सोसते. रक्तात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की ती या धाग्यांना चिकटून त्यांना ताठ करते. सुताला खळ, म्हणजे पिठाची कांजी, जास्त झाली तर काय होते? सूत जाड दिसते, वजनाला भरते, पण मागावर चढवले की तटातट तुटते. घनतेची तपासणी वजन सांगते. धागा किती ताठलाय ते सांगत नाही. कागद खोटा नाही, त्याला एकच प्रश्न विचारलेला असतो. बाकी प्रश्न आपण विचारायचे. पावलांना जाणीव आहे का, डोळ्यांना नीट दिसते का, साखर मधेच एकदम उतरते का. कारण ही व्याधी हाडाला कमजोर करते आणि त्या हाडाच्या मालकाला पाडतेही. शिवाय मोडलेले जुळायला वेळ लावते.

मामांनी सगळे ऐकून घेतले आणि सर्वांसमोर म्हणाले, "विणकराला खळ शिकवायलाव व्हय बाई? धाडस लई हाय तुमचं." पण पुढच्या खेपेला मी दारातून आत आले तेव्हा ते बाकावरच्या लोकांना हेच, खळीसकट, स्वतःचे म्हणून समजावून सांगत होते. धडा पुढे गेला की कोणाच्या नावावर गेला हे पाहू नये, असे वडील म्हणत.

ज्यांच्याविषयी लिहायला बसले त्या गौरव्वा. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचे गाव. राहायला सोलापुरात, मुलगा सिद्धाराम आणि सून महादेवी यांच्यापाशी. घरात कानडी, बाहेर मराठी. मधुमेह जुना. श्रावणात पडून खुब्यापाशी मांडीचे हाड मोडले, सळी घालावी लागली, आणि वॉकर धरून त्या माझ्याकडे आल्या.

गौरव्वा कडक भाकऱ्या करून विकत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर वाळवत ठेवायची, म्हणजे ती पापडासारखी कुरकुरीत होते आणि बरेच दिवस टिकते. हे काम उभ्याने होत नाही. काटवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, जमिनीवर ठेवायची. एक पाय दुमडून, दुसरा गुडघा उभा करून तिच्यासमोर बसायचे, आणि अंगाचे वजन खांद्यातून तळहातात उतरवायचे. गौरव्वांचे सारे आयुष्य या एका बैठकीत गेले होते.

प्रत्येक रुग्णाला मी पहिल्या दिवशी विचारीत असे, तुम्हाला काय करता यायला हवे? कोणी देवळापर्यंत जायचे म्हणे, कोणी नुसते मोरीपर्यंत. गौरव्वांनी वॉकरकडे नापसंतीने पाहिले.

"चालायचं ऱ्हाऊ द्या ओ बाई. मला खाली बसायचंय."

आमच्या अभ्यासाची पुस्तके जिथे लिहिली गेली तिथली माणसे खुर्चीवर जन्म काढतात. त्यांच्या दृष्टीने रुग्ण खुर्चीतून उठून चालला की उपचार संपला. आपल्याकडे जेवण खाली, पूजा खाली, निवडणे-टिपणे खाली, शेजारणीशी बोलणे खाली. पण मोडलेल्या खुब्याला सर्वांत जड जाते ते नेमके हेच, मांडी घालणे आणि उकिडवे बसणे. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते: क्ष-किरण चित्रात हाड पूर्ण जुळलेले दिसेपर्यंत जमिनीवर बसायचे नाही, आणि साखर पाहता त्याला वेळ लागेल. गौरव्वांनी विचारले, येळवसेपर्यंत जुळेल का? मी म्हणाले, प्रयत्न करू.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या या भागात त्या दिवशी सगळे घर शेतात जाते. शेतातच पूजा, शेतातच शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील, आणि उभ्या ज्वारीत मातीवर बसून पंगत. गौरव्वांच्या कडक भाकऱ्यांना सर्वांत जास्त मागणी याच दिवसांत असे. मागणी हे त्यांनी मला सांगितलेले कारण होते. खरे कारण पंगतीत बसायचे होते, हे मला फार पुढे कळले.

त्या शिस्तीने व्यायाम करीत. मोजायला सोपे जावे म्हणून मी कानडी आकडे शिकून घेतले, आणि माझ्या शिक्षकी रक्ताला त्याचा अभिमानही वाटला. ओंदु, एरडु, मूरु असे मी म्हणे आणि त्या पाय उचलत. एळु म्हटले की मात्र त्या पाय खाली ठेवून, वॉकर धरून उठायच्या तयारीला लागत. दोन-तीनदा असे झाल्यावर मी जरा रागानेच विचारले, की सातालाच तुम्ही का थांबता? तेव्हा महादेवी पदर तोंडाला लावून हसू लागली. कानडीत एळु म्हणजे सात, आणि एळु म्हणजेच ऊठ. गौरव्वा गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "तुमीच ऊठ म्हणलाव की. मोठ्या माणसाचं ऐकावं लागतंय." त्यानंतर मी मराठीत मोजले.

महादेवीला हसताना मी तेवढे एकदाच पाहिले. एरवी ती भिंतीशी उभी राही, सासूची चप्पल हातात घेऊन. श्रावणातल्या त्या सकाळी फरशी तिने पुसली होती आणि गौरव्वा फरशीवर पडल्या होत्या. एवढ्यावर घराचा निकाल झाला होता. सिद्धाराम बायकोला उघडपणे काही बोलत नसे. पण माझ्याशी बोलताना 'फरशी ओली ठेवली होती घरात' असे म्हणे, आणि त्या वाक्याला कर्ता न ठेवण्याची काळजी घेई. महादेवीने मग आपल्या परीने प्रायश्चित्त घेतले. खालची शेगडी ओट्यावर चढवली, काटवट माळ्यावर टाकली, पाट बांधून ठेवले. सासूला खाली वाकायचे कारणच उरू नये, अशी तिने घराची मांडणी बदलली. गौरव्वांनी उंच स्टुलावर बसून ओट्यावर भाकरी थापून पाहिली. जाड झाली, कडेला चिरली. वजनच हातात उतरत नाही म्हणाल्या, आणि पुन्हा थापली नाही.

मी त्यांना माझा प्रश्न विचारला होता, पडण्याआधी काय खाल्ले होते? भाकरी, असे त्यांनी सांगितले. केसपेपरवरचा वार सोमवार होता. श्रावणी सोमवारी सकाळी भाकरी खाणारे त्यांचे घर नव्हे, हे मला कळत होते. पण रुग्णाचे उत्तर ओढून काढायचे नसते. ते पिकू द्यावे लागते.

येळवसेच्या आधीच्या चित्रात हाड जुळले नव्हते. फट पुसट झाली होती, पण होती. मी त्यांना ती काचेवर दाखवली. त्यांनी बोट लावून विचारले, एवढीच का? हो म्हणाले, एवढीच.

अमावस्या झाल्यावर त्या आल्या तेव्हा मी विचारले, शेतात गेला होतात का? सिद्धारामने त्यांना गाडीने नेले होते आणि त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची नेली होती. सगळी पंगत मातीवर बसली, लेकरे, पाहुणे, सालगडी, आणि गौरव्वा खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. खुर्ची मऊ मातीत रुते, म्हणून तिच्या पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले होते. ज्वारीची कणसे नेहमी डोक्यावर दिसत, यंदा समोर दिसली, असे त्यांनी सांगितले. आंबील कुणाची चांगली झाली, पाहुणे कोण आले, हेही सांगितले. मग पाय उचलता उचलता थांबून म्हणाल्या, "आपल्याच रानात पाव्हणी झाले ओ बाई मी."

मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.

होळीच्या सुमाराला हाड जुळले. डॉक्टरांनी परवानगी दिली, सावकाश, कोणीतरी जवळ असताना. आमच्या कामात एक नियम आहे: खाली बसायला शिकवण्याआधी उठायला शिकवायचे. कुशीवर वळणे, हातगुडघ्यांवर येणे, स्टूल धरणे, चांगला पाय पुढे टाकणे. ज्याला उठता येते तोच निर्धास्त बसतो. हे सगळे त्या विभागातल्या गादीवर शिकल्या. खरे बसणे मात्र त्यांच्या घरी, त्यांच्याच फरशीवर करून पाहायचे होते. म्हणून एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले.

सिद्धाराम कामावर गेला होता. मी महादेवीला शेगडी खाली घ्यायला सांगितले. ती जागची हलली नाही. आवाज न चढवता तिने मला सांगितले, "बाई, तुम्ही आज आहात, उद्या नाही. अत्ती परत पडल्या तर फरशी मीच पुसलेली असणार." अत्ती म्हणजे सासूबाई.

तिचे म्हणणे चूक नव्हते. मी हाडाविषयी खात्री देऊ शकत होते, दोषाविषयी नाही. मी गौरव्वांकडे पाहिले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही पाय खाली टेकलेले. नजर फरशीवर होती. इतके महिने चाललेला सगळा खटाटोप आता एका वाक्यावर अडला होता, आणि ते वाक्य त्यांच्याकडेच होते.

"फरशी न्हवती गं महादेवी," त्या म्हणाल्या. "वाळलेली हुती. उपास हुता माझा. औषधाला उपास नसतोय म्हणून गोळी घेतली तेवढी. मग हात कापायले, घाम सुटला, डोळ्यापुढं काळं झालं. तवा पडले."

औषधाला उपास नसतो. ही म्हण मी माझ्या आईच्या तोंडून ऐकली आहे, आणि ज्या औषधांसाठी ती झाली असेल त्यांच्यापुरती ती खरीही आहे. पण साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या पोटात अन्न आहे असे धरून चालतात. अन्न नसले तरी त्या आपले काम करतात, आणि साखर नको तितकी उतरते. अशा वेळी साखर किंवा गूळ-पाणी लगेच द्यायचे असते. पण मधुमेहाच्या माणसाला गोड कसे द्यायचे, म्हणून घरातले हात नेमके तेव्हाच आखडतात. उपास धरायचा असेल तर गोळीचे काय करायचे ते आधी डॉक्टरांना विचारावे. यात देवाचा अपमान होत नाही. हे सगळे मी त्या दोघींना नंतर सांगितले. त्या क्षणी महादेवी बोलत होती.

तेव्हाच का नाही सांगितलंत, असे तिने विचारले. एवढेच विचारले.

"सांगितलं असतं तर सोमवार काढून घेतला असता तुमी माझा," गौरव्वा म्हणाल्या. "खाली बसायचं तर गेलंच हुतं."

महादेवी आत गेली. मला वाटले, आजचे काम संपले. मग माळ्यावरून काही ओढल्याचा आवाज आला. तिने काटवट आणली, ओल्या फडक्याने पुसली, फरशीवर ठेवली. पुसलेल्या काटवटीखालची फरशी तिने कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली. शेगडी खाली घेतली. सासूला तिने हात दिला नाही आणि मागेही सरली नाही.

मी स्टूल जवळ ठेवले. गौरव्वा स्टुलाला धरून, चांगल्या पायावर भार देऊन, शिकवले तसे टप्प्याटप्प्याने उतरल्या. आधी गुडघा, मग तळहात, मग कूस. जमिनीला टेकल्यावर त्यांनी एक लांब श्वास सोडला. तळव्यांना फारसे कळत नव्हतेच. त्यांनी हाताच्या पंजाने फरशी चाचपली, आपल्या डाव्या बाजूची, मग उजव्या बाजूची. मोडलेल्या बाजूचा गुडघा पूर्वीइतका दुमडला नाही. तो थोडा बाहेर राहिला. त्यांनी काटवट तेवढी तिरकी करून घेतली आणि पिठात हात घातला.

पहिली भाकरी जाड झाली, एका बाजूला चिरलीही. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"ही गाईला," त्या म्हणाल्या. "पुढची बाईला."

दुसरी पातळ झाली. हाताखाली फिरताना तिचा तो ठेक्यातला थपथप आवाज घरात कितीतरी महिन्यांनी होत असावा, कारण शेजारची एक बाई दारात येऊन पाहून गेली. तिसरी थापून झाल्यावर मी त्यांना आठवण करून दिली, की आता उठून दाखवायचे. पहिल्याच दिवशी इतका वेळ बसू नये, हे मी विभागातही सांगितले होते. त्यांनी पिठाचे हात तसेच काटवटीवर ठेवले.

"बसू द्या की बाई थोडं," त्या म्हणाल्या. "लई दिवस वरच हाय मी."

महादेवीने तव्याखालची आच कमी केली आणि ती सासूच्या शेजारी खाली बसली.